दहा हजारावा नग : उत्पादन अभियांत्रिकीची प्रस्तावना

एक नग चांगला काढणं ही कसबाची गोष्ट आहे. शिरोलीतला किंवा भोसरीतला एखादा मुरलेला टर्नर जुन्या लेथवरसुद्धा बेअरिंगला चपखल बसणारा शाफ्ट काढून देतो, आणि त्यासाठी त्याला कुठली पदवी लागत नाही. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. तोच शाफ्ट दहा हजार वेळा काढायचा असतो. तोही तीन पाळ्यांत, वेगवेगळ्या हातांनी, मे महिन्यात आणि जुलै महिन्यात, बारचा लॉट बदलला तरी, ठरलेल्या किमतीत. आणि गिऱ्हाइकाने त्यातला कुठलाही उचलून जोडला तरी कानस न लावता तो बसला पाहिजे. उत्पादन अभियांत्रिकी ही शाखा या अडचणीतून उभी राहिली. या शाखेच्या पदवीधराला काय काय यायला हवं, याच्या याद्या पुष्कळ आहेत. मला त्यांच्या मुळाशी एकच मागणी दिसते : फरकाशी नीट वागता येणं. दोन नग तंतोतंत सारखे कधीच नसतात. तो फरक किती, येतो कुठून, चालेल किती, आणि आवरायला पैसे किती घालायचे, हे ज्याला सांगता येतं त्याला या विषयातला जाणकार म्हणावं. ड्रॉइंग वाचणं, मोजणं, हिशेब करणं, माणसांशी बोलणं ही सगळी कौशल्यं त्या एका कामासाठी लागतात.

हे पान बारावीनंतर या शाखेकडे वळलेल्यांसाठी आहे, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी आहे, आणि नुकत्याच कामाला लागलेल्या मुलाला नेमकं काय काम द्यावं या विचारात पडलेल्या लहान कारखानदारांसाठीही आहे. ‘मेकॅनिकल मिळालं नाही म्हणून प्रॉडक्शन घेतलं’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकू येतं, की विद्यार्थी पहिल्या दिवशीच थोडा खांदे पाडून वर्गात शिरतो. त्याची गरज नाही. ज्या शाखेशिवाय ड्रॉइंग कागदावरच राहतं, त्या शाखेत तुमचं स्वागत आहे.

आपल्याकडे या विद्येची मुळं जुनी आहेत. पुण्यात १८५४ साली ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. त्याचंच पुढे पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिथे यंत्ररेखन शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे नोकरी सोडून बेळगावला गेले, आणि १९१० साली त्यांनी कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. ड्रॉइंग शिकवणारा माणूस फाउंड्री चालवू लागला, लोखंडी नांगर विकू लागला, ही घटना मला या शाखेच्या दृष्टीने फार बोलकी वाटते. वर्गातल्या फळ्यावर नांगराचा फाळ एकच असतो. शेतकऱ्याच्या बांधावर झिजलेला फाळ काढून नवा बसवायचा असतो, आणि तिथे शिक्षक हजर नसतो.

स्वातंत्र्यानंतर पिंपरी-चिंचवड, सातपूर, वाळूज, कोल्हापूरचं उद्यमनगर असे पट्टे वाढत गेले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. महाविद्यालयांतही मेकॅनिकलच्या पोटातून ‘प्रॉडक्शन’ ही वेगळी शाखा निघाली. पुणे विद्यापीठातली ‘प्रॉडक्शन सँडविच’ अनेकांना आठवत असेल. अभ्यासक्रमाच्या मध्येच काही काळ विद्यार्थ्याला कारखान्यात पाठवायचं आणि मग पुन्हा वर्गात आणायचं, अशी तिची रचना. कारखान्यातून परत आलेला विद्यार्थी शिक्षकांना वेगळे प्रश्न विचारतो, हे त्या रचनेचं मोठं यश होतं. अलीकडे अनेक ठिकाणी नाव बदलून ‘मॅन्युफॅक्चरिंग’ झालं आहे. नाव काहीही ठेवा, कारखान्यात घालवलेला तो काळ मात्र कापू नये, असं माझं ठाम मत आहे.

याद्यांचा उल्लेख वर केला, तर त्याही पाहू. २०१४ साली भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला आणि आपल्या पदव्यांना पदवीधराच्या बारा गुणांची चौकट लागू झाली : अभियांत्रिकीचं ज्ञान, समस्येचं विश्लेषण, आधुनिक साधनांचा वापर, नीतिमत्ता, संघात काम करणं, संवाद, आयुष्यभर शिकत राहणं वगैरे. पुढे तिची फेरमांडणीही झाली. अमेरिकेत १९३२ साली डेट्रॉइटमध्ये टूल इंजिनिअरांनी स्थापन केलेल्या संस्थेने, म्हणजे आजच्या एसएमईने, २०११ साली या विद्येचे चार खांब मांडले : साहित्य व प्रक्रिया, उत्पादन, टूलिंग व जोडणी, उत्पादन-व्यवस्था व तिचं चालवणं, आणि बाजारात टिकण्याची क्षमता. तिथल्या मान्यता-निकषांतही याच धर्तीच्या अपेक्षा आहेत, आणि प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात हाताने काम केल्याचा अनुभव त्यांत स्पष्ट मागितलेला आहे. या याद्यांत चूक काही नाही. पण कौशल्यं एकाखाली एक छापली की सगळी सारख्या वजनाची दिसतात. शॉप फ्लोअरवर ती तशी नसतात, आणि एकेकटी तर कधीच येत नाहीत.

ड्रॉइंगपासून सुरुवात करू. पंचवीस मिलिमीटरचं भोक आणि त्यात फिरणारा शाफ्ट, बसणी एच७/जी६. तक्ता सांगतो की भोक २५.००० ते २५.०२१ च्या दरम्यान हवं आणि शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ च्या दरम्यान. म्हणजे दोघांतली मोकळीक कमीत कमी ७ मायक्रॉन, जास्तीत जास्त ४१. इथवर परीक्षेत गुण मिळतात. पदवीधराने पुढे विचारायला हवं की शाफ्टला सहाचीच श्रेणी का, सातची का चालणार नाही? सहाला १३ मायक्रॉनचा पट्टा मिळतो, त्यासाठी बहुधा ग्राइंडिंग लागतं. सातला २१ मायक्रॉन मिळतात, आणि चांगल्या सीएनसी टर्निंग सेंटरवर ते निघू शकतात. एक अंक बदलला तर एक अख्खं ऑपरेशन, एक मशीन आणि दोन उचल-ठेवी वाचतात. त्या बदल्यात मोकळीक ४९ मायक्रॉनपर्यंत जाईल. ती चालेल का, हे डिझाइनवाल्याला फोन करून विचारायचं असतं. कधी तो म्हणतो, चालेल, मागच्या ड्रॉइंगवरून तसंच उचललं होतं. कधी म्हणतो, नाही, तिथे तेलाचा थर टिकला पाहिजे. दोन्ही उत्तरं कामाची आहेत. फोन न करणं तेवढं वाईट. ड्रॉइंगचा मान राखावा, पण त्याला प्रश्न विचारायला कचरू नये.

जाता जाता आणखी एक. आपल्याकडची ड्रॉइंगं फर्स्ट अँगलमध्ये असतात, अमेरिकेतून आलेली थर्ड अँगलमध्ये. कोपऱ्यातल्या रकान्यात कापलेल्या शंकूचं लहानसं चिन्ह असतं, त्यावरून ते कळतं. त्याकडे पाहिलं नाही तर डावीकडचं भोक उजवीकडे जातं आणि आरशातला नग तयार होतो, प्रत्येक मापात बिनचूक आणि पूर्ण निरुपयोगी. निर्यातीचं काम घेणाऱ्या प्रत्येक शॉपमध्ये असा एखादा किस्सा सांगणारा कुणीतरी असतोच.

मोजमापाकडे विद्यार्थी कंटाळवाणा विषय म्हणून पाहतात. माझ्या मते हा या शाखेचा दरवाजा आहे. जगभर लांबीची मापं २० अंश सेल्सिअस तापमानाला धरून सांगितली जातात. आता पुण्यातल्या मे महिन्यातली दुपार डोळ्यांपुढे आणा. मशीनमधून नुकतंच निघालेलं अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, तापमान ४० अंश, बोअर १०० मिलिमीटर. अ‍ॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. वीस अंशांचा फरक म्हणजे या बोअरवर ४६ मायक्रॉन. आणि १०० मिलिमीटरच्या एच७ बोअरला ड्रॉइंगने दिलेली सूट आहे फक्त ३५ मायक्रॉनची. गरम नग मोजून ‘ओके’ म्हटलेलं हाउसिंग रात्री थंड झाल्यावर मापाखाली जाऊ शकतं, आणि सकाळी गिऱ्हाइकाकडे बेअरिंग बसत नाही. ऑपरेटर खोटं बोललेला नसतो, गेजही बरोबर असतं. मापन-कक्षातला एसी साहेबांसाठी नसतो, तो नगासाठी असतो, हे नव्या मुलाला एकदा कळलं की तो नग टेबलावर थोडा वेळ निवू देतो, सेटिंग रिंगही त्याच टेबलावर ठेवतो आणि मगच बोअर गेज आत घालतो.

मोजल्यावर येतो तो आकडा, आणि आकड्याचं काय करायचं हा या शाखेचा गाभा. समजा, शाफ्टचं माप मधल्या आकड्यापेक्षा पाच मायक्रॉन जास्त आलं. मेहनती ऑपरेटर लगेच पाच मायक्रॉनचा ऑफसेट देतो. पुढचा नग तीन मायक्रॉन कमी येतो, तो तीनचा उलटा ऑफसेट देतो. दिवसभर हे चालतं आणि संध्याकाळी रिजेक्शन वाढलेलं असतं. वरकरणी हे पटत नाही. इतकी काळजी घेऊन बिघडलं कसं? कारण सोपं आहे. मशीन जागेवरच होतं, नग नेहमीच्या फरकाने इकडे-तिकडे होत होते. प्रत्येक नगामागे पूर्ण दुरुस्ती केली, की आधीच्या नगाचा योगायोगाचा फरक पुढच्या नगाच्या फरकात मिसळतो आणि मापांचं प्रमाण विचलन सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतं. मशीनला हात लावला नसता तर माल चांगला निघाला असता!

पण हे ऐकून हात बांधून बसणाराही फसतो. टूल झिजतं तेव्हा व्यास हळूहळू, एकाच दिशेने वाढत जातो. तिथे ऑफसेट द्यावाच लागतो. मग योगायोगाचा फरक कोणता आणि कारण असलेला कोणता, हे ओळखायचं कसं? वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्टने १९२४ साली यासाठी नियंत्रण-तक्ता मांडला. मधली रेषा, वरची-खालची मर्यादा, आणि वेळेच्या क्रमाने टिंबं. टिंबं मर्यादेच्या आत विखुरलेली असली तर मशीनला हात लावू नका. ती ओळीने वर चढू लागली किंवा एखादं बाहेर गेलं तर कारण शोधा. पुढे डेमिंगने हा विचार १९५० साली जपानी कारखानदारांपुढे ठेवला, ते सगळ्यांना माहीत असतं. महालनोबीसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून खुद्द शूहार्ट त्याआधीच भारतात येऊन गेले होते, ही गोष्ट मात्र आपल्या वर्गांत फारशी सांगितली जात नाही.

या तक्त्यावरूनच क्षमतेचा हिशेब येतो. फरक सामान्य वितरणाप्रमाणे असेल आणि सरासरी बरोबर मधोमध असेल, तर सीपीके, म्हणजे प्रक्रियेच्या क्षमतेचा निर्देशांक, १ असलेल्या प्रक्रियेत दहा हजारांतले साधारण २७ नग मापाबाहेर जातात. १.३३ ला दहा हजारांत एकही जाईल की नाही, अशी स्थिती येते. वाहन उद्योगातला गिऱ्हाईक १.३३ किंवा त्याहून जास्त मागतो, तेव्हा तो हट्ट करत नसतो. त्याच्या लाइनीवर दर तासाला किती गाड्या थांबतील, याचा त्याने केलेला तो हिशेब असतो. आकडेशास्त्र हा पेपर सुटला की संपला असं समजणाऱ्या विद्यार्थ्याची इथे मोठी पंचाईत होते.

फरकाचा माग काढत गेलं की तो आपल्या कुंपणाबाहेर जातो. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतलेलं कास्टिंग मशीन शॉपमध्ये येतं आणि तिसऱ्या ऑपरेशनला बोअरच्या आत एक भोक उघडं पडतं. तोवर कास्टिंगची किंमत, वाहतूक आणि दोन ऑपरेशनांचा वेळ वाया गेलेला असतो. फाउंड्री म्हणते, तुम्ही जास्त मटेरिअल काढलंत. मशीन शॉप म्हणतं, तुमचं कास्टिंगच पोकळ आहे. अशा वेळी पदवीधराने भिंग घेऊन त्या भोकाची भिंत पाहावी. भिंत गुळगुळीत आणि भोक गोलसर असेल तर संशय वायूवर घ्यावा : वाळूतला ओलावा, कोअरचा वायू बाहेर जायला वाट नसणं. भिंत खडबडीत, दाणेदार असेल आणि भोक जाड भाग एकत्र येतात त्या जागी असेल तर संशय आकुंचनावर : रायझर लहान पडला किंवा चुकीच्या जागी बसला. मग एका कागदावर नगाची आकृती काढून आठवडाभराच्या प्रत्येक नाकारलेल्या नगाच्या भोकाची जागा तिच्यावर ठिपक्याने मांडावी, बाजूला ओतल्याची तारीख आणि पाळी लिहावी. ठिपके एका कोपऱ्यात गोळा झाले तर पॅटर्नवाल्याशी बोलायचं. ते सगळीकडे पसरलेत, पण पावसाच्या दिवसांतच जास्त आहेत, असं दिसलं तर वाळू तयार करणाऱ्याशी. तो कागद घेऊन फाउंड्रीत गेलं की भांडण होत नाही, चहा होतो. धातुशास्त्र, आकडेशास्त्र आणि संवादकौशल्य असे तीन वेगळे गुण यादीत असतात. त्या कागदावर तिन्ही एकत्र आलेले असतात.

फिक्स्चरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुढे त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. कुठलीही वस्तू सहा प्रकारांनी हलू शकते, तीन सरळ आणि तीन वळणाचे. खाली तीन टेकू, बाजूला दोन आणि टोकाला एक दिला की ती एकाच जागी बसते. हा तीन-दोन-एकचा नियम पाठ सगळ्यांनाच असतो. पण टेकूवर कातलेल्या धातूची एक बारीक चिप अडकली तर नग तिरका बसतो आणि नियम तिथेच संपतो. चांगला फिक्स्चर करणारा टेकूची जागा लहान आणि उंच ठेवतो, कुलंटने ती धुतली जाईल असं पाहतो, आणि नग उलटा घालू गेलं तर तो बसणारच नाही अशी एक पिन देतो. शिगेओ शिंगो यांनी जगाला शिकवलेलं पोका-योके ते हेच. चुकलेल्या ऑपरेटरला मेमो देण्यापेक्षा आठ मिलिमीटरची पिन स्वस्त पडते.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर हिशेबाची भीती घालवू. फ्रेडरिक टेलरने सव्वीस वर्षं धातू कापण्याचे प्रयोग करून १९०६ साली आपलं काम मांडलं. त्यातून आलेलं सूत्र सांगतं की कापण्याचा वेग वाढवला की टूलचं आयुष्य त्याहून किती तरी वेगाने घटतं. कार्बाइडसाठी घातांक ०.२५ धरला, तर वेग २० टक्के वाढवल्यावर आयुष्य निम्म्याच्याही खाली येतं. आता समजा, एका नगाला ६० सेकंद कटिंग आहे आणि इन्सर्टची एक कड ६० मिनिटं टिकते, म्हणजे ६० नग. एका कडेची किंमत ९० रुपये, कड बदलायला ३ मिनिटं, मशीनचा दर तासाला ६०० रुपये. वेग २० टक्के वाढवला की कटिंग ५० सेकंदांवर येतं, पण एका कडेवर जेमतेम ३४-३५ नग निघतात. कड बदलण्याचा वेळ वाटून घेतल्यावर दर नगामागे ८ सेकंदांच्या आसपास वाचतात, त्यांची किंमत साधारण १ रुपया ३० पैसे. इन्सर्टचा जादा खर्च मात्र १ रुपया १० पैसे. एवढी ओढाताण करून हाती वीस पैसे! आणि हे मशीन लाइनीतलं अडणारं मशीन नसेल, पुढच्या मशीनपाशी आधीच माल साचलेला असेल, तर वाचलेल्या सेकंदांचा उपयोग कुणालाच नाही. उलट १ रुपया १० पैसे खिशातून गेले. ‘वेग वाढवा’ असा आदेश आला की हा हिशेब कागदावर मांडून साहेबांपुढे ठेवणं, हे मी पदवीधराचं कौशल्य मानतो. मात्र आधी लाइनीवर उभं राहून स्टॉपवॉचने वेळ घेतलेला असावा. कागदावरची ३ मिनिटं प्रत्यक्षात किती असतात, हे पाहिल्याशिवाय मांडलेला हिशेब मशीन लावून देणारा सेटर एका वाक्यात मोडून काढतो.

आणि सेटरचं ऐकणं हे तर शिकायलाच हवं. बावीस वर्षांचा मुलगा ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणून शॉपमध्ये येतो, तेव्हा त्याच्या वडिलांच्या वयाचा माणूस मशीनपाशी उभा असतो. तो म्हणतो, “साहेब, मशीन तापलं की तिसऱ्या तासाला साइज सरकते.” या वाक्यात स्पिंडलच्या उष्णतेने होणाऱ्या वाढीचा सगळा धडा आहे. ते वाक्य हसण्यावारी न नेता सकाळपासून दर अर्ध्या तासाला माप लिहून आलेख काढणं, आणि दुपारी त्या माणसाला तो दाखवून “काका, बरोबर सांगितलंत, पण तिसऱ्या नाही, दुसऱ्याच तासापासून सरकतंय,” असं म्हणता येणं, हे दोघांच्याही उपयोगाचं. त्यानंतर काका आणखी गोष्टी सांगू लागतात. आज चाकण-रांजणगावच्या लाइनीवर मराठवाड्यातली, बिहारमधली, ओडिशातली मुलं शेजारी-शेजारी काम करतात. कामाची सूचना तिघांनाही कळेल अशी लिहायची तर सोपी वाक्यं, मोठं चित्र आणि ‘हे असं दिसलं तर थांबा’ दाखवणारा फोटो लागतो. इंग्रजीतून झकास सादरीकरण करणाऱ्या कित्येक पदवीधरांना असं एक पान लिहिता येत नाही. या विषयावर मराठीतून लिहिणं शक्य आहे, हे पुण्याहून निघणाऱ्या ‘धातुकाम’ मासिकाने दाखवून दिलं आहे. विद्यार्थ्यांनी ते वाचावं, आणि पुढे त्यात लिहावंही.

कॉम्प्युटर, रोबो, सेन्सर, थ्रीडी प्रिंटिंग यांच्याबद्दल इतकं बोललं जातं की इथे त्यात भर घालत नाही. कॅम सॉफ्टवेअर यायलाच हवं, थोडं प्रोग्रामिंगही. पण मशीनवर बसवलेला सेन्सर दर सेकंदाला आकडे पाठवतो तेव्हाही प्रश्न जुनाच राहतो : यातला कुठला फरक कारणाचा आणि कुठला योगायोगाचा? ज्याने हाताने चार तक्ते भरले आहेत, त्याला पडद्यावरचा आलेख लवकर कळतो.

महाविद्यालयांबद्दल एक कटू गोष्ट बोलून टाकतो. वर्कशॉपच्या तासाला एक मुलगा जॉब करतो आणि नऊ जण पाहतात, हे चित्र आजही अनेक ठिकाणी आहे. जर्नलमधली निरीक्षणं मागच्या बॅचच्या जर्नलमधून येतात आणि ती इतकी सुबक असतात की त्यांत फरकच नसतो. ज्या विषयाचा जीवच फरकात आहे, त्याच्या प्रयोगवहीत सगळ्यांचे आकडे तिसऱ्या दशांशापर्यंत जुळावेत, यापेक्षा मोठी विसंगती कोणती? शिक्षकमित्रांना सुचवावंसं वाटतं की प्रत्येक गटाचं वेगळं आलेलं माप चूक म्हणून खोडू नका. ते का वेगळं आलं, यावर दोन ओळी लिहायला लावा आणि त्या दोन ओळींना गुण द्या.

लहान कारखानदारांना एक विनंती. प्रशिक्षणाला आलेल्या मुलाला सहा महिने ऑफिसात फाइली लावायला बसवू नका. त्याला महिन्याला नवा विभाग दाखवत फिरवूही नका. एक मशीन, एक नग आणि त्या नगाचं एक सतावणारं माप त्याच्या हवाली करा. दर शनिवारी त्याने त्या मापाचा तक्ता तुमच्यापुढे ठेवावा, आणि तुम्ही दहा मिनिटं काढून तो पाहावा. त्याने काही सुधारलं नाही तरी ते माप का सतावतं, हे तुम्हाला बहुतेक कळेल.

आणि वाचकहो, पुढचं पान उलटण्याआधी कुठूनतरी एक मायक्रोमीटर मिळवा. कॉलेजच्या लॅबमधून, शेजारच्या वर्कशॉपमधून, कुठूनही. एखादी साधी पिन घ्या, तिचा व्यास एकाच जागी दहा वेळा मोजा आणि प्रत्येक वेळी आकडा लिहून ठेवा. मग तीच पिन मित्राला द्या, तुमचे आकडे न दाखवता त्यालाही दहा वेळा मोजू द्या. वीस आकडे सारखे आले असतील तर मायक्रोमीटर तपासून घ्या किंवा मित्राला खरं विचारा. सारखे आले नसतील तर तो कागद सोबत ठेवून पहिलं प्रकरण वाचायला घ्या.